तारीख कोणी बदलावी?

घरातील कार्याची तारीख ठरविणे हे वरकरणी पंचांगाचे आणि सोयीचे काम आहे. गुरुजी दिवस काढून देतात, कार्यालयाचा व्यवस्थापक मोकळी तारीख सांगतो, रेल्वेचे आरक्षण मिळते अथवा मिळत नाही, आणि तारीख ठरते. तीत नीतीचा काही प्रश्न दडलेला असू शकेल, असे आम्हांस आयुष्याची सत्तर वर्षे उलटेपर्यंत कधी वाटले नव्हते. काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात मात्र आमच्या घरी दोन तारखा एकमेकींवर आल्या. त्यांतली कोणती हलवावी, ती कोणी हलवावी आणि हलविण्याचा अधिकार मुळात कोणाचा, या प्रश्नांनी एरव्ही शांत असणाऱ्या माणसांचीही दोन आठवडे झोप उडविली. त्या अस्वस्थतेतून जे थोडेफार हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. बडोदे काय, इंदूर काय, ग्वाल्हेर काय, ज्यांची मुले-नातवंडे आता तीन-तीन खंडांत पांगली आहेत अशा आपणा सर्वांच्याच घरी हा पेच आज ना उद्या येणार आहे.

आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात सारे अण्णा म्हणतात, त्या वर्षी सहस्रचंद्रदर्शनास पात्र होत होते. अधिक मासांतील पौर्णिमा जमेस धरल्या म्हणजे ऐंशी वर्षे आणि वर आठ-दहा महिन्यांच्या सुमारास माणसाच्या वाट्याला हजार पौर्णिमा येतात, असा हा साधा हिशेब. गुरुजींनी जूनमधला दुसरा रविवार काढून दिला. शाळा पुरत्या गजबजण्यापूर्वी बाहेरगावच्या शक्य तितक्या मंडळींना येता यावे, हाही हेतू त्यामागे होता. दांडिया बाजारातले कार्यालय ठरले, आचारी ठरला, आणि ग्वाल्हेरच्या आक्कांनी तर कितीतरी आधीच जाण्यायेण्याची तिकिटे काढून ठेवली. आक्का म्हणजे अण्णांहूनही वडील. धाकट्या भावाचे सहस्रचंद्रदर्शन पाहावयाचे, हा त्यांनी वर्षभर धरलेला ध्यास होता.

अण्णांचा मुलगा गेली पंचवीस वर्षे अमेरिकेत आहे. त्याच्या मुलीचे शालेय शिक्षण त्याच वर्षी संपले आणि तेथील एका सरकारी विद्यापीठात तिला अभियांत्रिकीच्या शाखेत प्रवेश मिळाला. तिकडे बहुतेक विद्यापीठांत १ मेपर्यंत अनामत रक्कम भरून होकार कळवावा लागतो. होकार कळविला की पुढचे पत्र येते ते ओरिएंटेशनचे. जूनपासून ऑगस्टपर्यंत ठिकठिकाणच्या तारखा दिलेल्या असतात. प्रत्येक तारखेस ठरावीक विद्यार्थीच घेतले जातात. ज्याने त्याने आपली तारीख निवडावयाची. त्या एक-दोन दिवसांत नव्या विद्यार्थ्याला विद्यापीठाचा परिसर, ग्रंथालय, वसतिगृह, दवाखाना हे सारे दाखविले जाते. पण या सोहळ्याचा गाभा निराळाच असतो. अखेरीस विद्यार्थी सल्लागारापुढे बसतो आणि पहिल्या सत्राचे विषय नोंदवितो.

आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत वाढलेल्या वाचकांना या नोंदणीचे महत्त्व चटकन कळावयाचे नाही. आमच्या वेळी महाविद्यालयाने छापलेले वेळापत्रक फळ्यावर लागे आणि आम्ही ते उतरवून घेत असू. तिकडे प्रत्येक विद्यार्थी आपले वेळापत्रक आपण रचतो. पदवीसाठी साधारण १२० श्रेयांक लागतात. सत्राला १५ घेतले तर चार वर्षांत गाडी वेळेवर पोहोचते, आणि १२ च्या खाली गेले तर पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून गणना होत नाही. एकच विषय दिवसातून चार-पाच वेळा, निरनिराळ्या शिक्षकांकडून शिकविला जातो. जागा मर्यादित असतात. सोयीच्या वेळेचे आणि नावाजलेल्या शिक्षकांचे वर्ग आधी भरतात. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला सकाळी आठचे तास आणि प्रतीक्षायादी उरते. शिवाय विषयांची साखळी असते. कलनशास्त्र झाल्याशिवाय भौतिकशास्त्राचा पुढचा वर्ग मिळत नाही, आणि तो झाल्याशिवाय अभियांत्रिकीचे पुढचे विषय मिळत नाहीत. पहिल्याच सत्रात एक कडी निसटली तर तिचा धक्का थेट दुसऱ्या वर्षापर्यंत जाऊ शकतो.

म्हणून आमच्या पुतण्याने आणि सुनेने मुलीसाठी पहिलीच तारीख घेतली. ती होती जूनच्या दुसऱ्या रविवारला लागून येणारा सोमवार आणि मंगळवार. रविवारी दुपारी बडोद्यात आजोबांच्या पंगतीत बसलेली मुलगी सोमवारी सकाळी अर्ध्या पृथ्वीपलीकडे सल्लागारापुढे बसू शकत नाही. पेच उभा राहिला.

पहिल्या आठवड्यात घरात दोन तट पडले. पुतण्या म्हणाला, आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन एकदाच होते, विषय काय पुढच्या सत्रातही मिळतील. अण्णा म्हणाले, हजार चंद्र माझे पाहून झाले आहेत, तिचा पहिला उगवायचा आहे. तिला मुळीच बोलावू नका. दोघेही प्रेमाने बोलत होते आणि दोघांचेही खरे होते. वाद म्हणून पाहिले तर प्रत्येक जण दुसऱ्याची बाजू मांडत होता: मुलगा बापाची, आजोबा नातीची. आपल्या घरांतले पुष्कळसे वाद असेच असतात, आणि म्हणूनच ते मिटत नाहीत. जो आपल्या हक्कासाठी भांडतो त्याच्याशी तडजोड करता येते. जो त्याग करावयाला भांडतो त्याच्याशी तडजोड कशी करावी?

येथे थोडे थांबून त्या रांगेचा विचार केला पाहिजे. ‘जो आधी येईल त्याला आधी’ हा नियम आपल्याला न्याय्य वाटतो, कारण तो कोणाचे तोंड पाहत नाही. रेशनच्या दुकानापासून तिकिटाच्या खिडकीपर्यंत आपण तो मानीत आलो आहोत. पण रांगेचा न्याय एका गृहीतावर उभा असतो: सर्वांना सारख्याच वेळी रांगेत उभे राहता येते. प्रत्यक्षात तसे नसते. कोणाच्या घरी आजारी माणूस असते, कोणाला उन्हाळ्यात नोकरी करून फीचे पैसे जमवायचे असतात, कोणाचे आजोबा आठ हजार मैलांवर असतात. ज्याच्यावर कसलेही ऋण नाही, ज्याची वाट कोणी पाहत नाही, तोच रांगेत पहिला असतो. मग ही रांग नकळत एक शिकवण देते, की मोकळेपण म्हणजे पात्रता. आम्हांस ही शिकवण घातक वाटते. ज्याला नाती आहेत त्याने ती सांभाळल्याचा दंड भरावा, असा नियम कोणी जाणूनबुजून केला नसेल. पण नियम असा दंड आकारतो खरा.

या दोषाची जाणीव तिकडच्या लोकांना नाही, असे मात्र नव्हे. अनेक विद्यापीठे प्रत्येक वर्गातील काही जागा राखून ठेवतात आणि एकेका तारखेच्या गटासाठी त्या थोड्या थोड्या खुल्या करतात, म्हणजे ऑगस्टमध्ये येणारा अगदीच रित्या हाताने परत जात नाही. सत्र सुरू झाल्यावरही पहिल्या काही दिवसांत विषय सोडण्याची आणि नवा घेण्याची मुभा असते. हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. घरातल्या कोणालाच ठाऊक नव्हते, एका व्यक्तीखेरीज. त्या व्यक्तीकडे आम्ही पुढे येऊ.

दुसरा प्रश्न निवडीचा. अठरा वर्षांच्या मुलीपुढे शेकडो विषयांची यादी ठेवावयाची आणि ‘निवड’ म्हणावयाचे, यात अर्थ किती? जो विषय अजून शिकलेला नाही तो आपल्याला हवा आहे की नाही, हे त्याला कसे कळावे? आपल्या शास्त्रकारांना हा प्रश्न पडला होता. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी चार गोष्टी सांगण्याचा प्रघात पाडला, ज्याला अनुबंधचतुष्टय म्हणतात: या ग्रंथाचा विषय कोणता, त्याचे प्रयोजन काय, ग्रंथाचा आणि विषयाचा संबंध कसा, आणि तो वाचण्याचा अधिकारी कोण. शिकण्यापूर्वी शिकणाऱ्याला इतके तरी कळले पाहिजे, हा त्यामागचा विवेक. सल्लागारापुढची ती बैठक म्हणजे या अनुबंधाचेच आजचे रूप होय. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतवर्गाची रूपरेषा आखून दिली, तिला नाव दिले ‘दीक्षारंभ’. नाव सुंदर आहे. फक्त दीक्षेमध्ये गुरू शिष्याला निवडतो आणि नोंदणीमध्ये शिष्य गुरूला निवडतो, हा फरक त्या नावाने झाकला जाऊ नये.

पूर्ण मोकळीक हे या प्रश्नाचे उत्तर नाही, हे अमेरिकेनेच अनुभवाने पाहिले. चार्ल्स विल्यम एलियट १८६९ साली हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी सक्तीचे विषय एकेक करून जवळजवळ संपवून टाकले. विद्यार्थ्याने आपला मार्ग आपण शोधावा, ही त्यांची श्रद्धा होती. १९०९ मध्ये त्यांच्या जागी लॉवेल आले आणि त्यांनी पुन्हा मर्यादा घातल्या: एका विषयात खोली हवी आणि बाकीच्यांत विस्तार हवा. आजही तिकडची बरीच महाविद्यालये या दोहोंच्या मधल्या कुठल्यातरी ठिकाणी उभी आहेत. मराठी माणसाची या मोकळिकीशी ओळख जुनी आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डमध्ये शिकत असता, गणितावर लक्ष केंद्रित करावे असा सल्ला त्यांना बर्कहॉफ यांच्यासारख्या श्रेष्ठ गणितज्ञाने दिला. कोसंबींनी मात्र अनेक शाखांचे विषय घेतले आणि १९२९ मध्ये ते सन्मानाने पदवीधर झाले. पुढे गणिताबरोबरच नाण्यांचा आणि प्राचीन इतिहासाचा त्यांनी जो अभ्यास केला, त्याची बीजे त्या हट्टात होती असे म्हणावयास जागा आहे.

पण आम्ही बडोदेकर. आम्हांला या संदर्भात दुसरे एक उदाहरण टाळता येत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०६ मध्ये ती सक्ती साऱ्या संस्थानाला लागू केली. सक्ती हा शब्द आज कानाला कठोर लागतो. तथापि ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापुढे विषयांची यादी ठेवून काय उपयोग? निवडीचे स्वातंत्र्य हे सक्तीच्या पायावर उभे असते, हे महाराजांनी ओळखले होते. त्याच महाराजांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणास शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. तेथे त्यांनी जे विषय घेतले त्यांची मोजदाद झालेली आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, आणि याखेरीज इतरही. पदवीला लागत होते त्याहून हे कितीतरी अधिक. जन्मामुळे ज्याला ‘अधिकारी’ मानण्यास शास्त्रे तयार नव्हती, त्याला प्रथमच सारी दारे उघडी मिळाली, आणि त्याने एकही दार उघडायचे सोडले नाही.

त्या शिष्यवृत्तीचा एक करार होता. शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असे त्यात लिहिलेले होते. देणे उघड होते, परतफेडही उघड होती. १९१७ साली आंबेडकर तो करार पाळण्यासाठी बडोद्यास आले. नोकरी मिळाली, राहावयास घर मिळेना. जातीमुळे या शहराने त्यांना छप्पर नाकारले आणि थोड्याच दिवसांत त्यांना परतावे लागले. ज्या शहराचा आम्ही विद्येचे माहेर म्हणून अभिमान बाळगतो, ज्या वाड्यांत आमचे आजे-पणजे तेव्हा नांदत होते, त्या शहराची ही गोष्ट आहे. करार महाराजांनी लिहिला होता. पण त्याचा एक भाग न लिहिलेला होता आणि तो शहराने पाळावयाचा होता. आम्ही तो पाळला नाही. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य एखाद्याला दूरदेशी मिळते आणि घर निवडण्याचे स्वातंत्र्य त्याला आपल्या दाराशी मिळत नाही, ही लाज आठवल्यावाचून बडोद्याच्या माणसाने शिक्षणातल्या निवडीवर लिहू नये, असे आम्हांस वाटते.

लिहिलेले ऋण आणि न लिहिलेले ऋण यांतील हा भेद मनात असतानाच आम्ही घरच्या पेचाकडे परत येतो.

दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी अण्णांनी कोणालाही न विचारता गुरुजींना बोलावून घेतले. हजार पौर्णिमांचा हिशेब एका दिवसाचा नसतो, पुढेमागे करता येते, असे गुरुजींनी सांगितले. अण्णांनी विधी महिनाअखेरच्या रविवारी ठेवला, कार्यालयाच्या व्यवस्थापकाला फोन केला आणि संध्याकाळी घरात जाहीर केले. आम्ही सर्वांनी त्यांच्या मोठेपणाची तारीफ केली. वहिनी काही बोलल्या नाहीत. पाहुण्यांच्या अंथरुणापांघरुणापासून फराळाच्या डब्यांपर्यंतची सारी जुळणी त्यांना नव्याने करावयाची होती.

रविवारी सकाळी नातीचा फोन आला. तिच्या मराठीला परदेशी वळण आहे, पण बोलते स्वच्छ. ती म्हणाली, “आजोबा, मी यायचं ठरवलं होतं. तिसरी तारीख घेणार होते. मी विद्यापीठात फोन करून विचारलं. ते प्रत्येक तारखेसाठी जागा राखून ठेवतात. गणित मिळणार होतं, रसायनशास्त्र मिळणार होतं. फक्त भाषाशास्त्राचा एक छोटा वर्ग गेला असता. तेवढं मला चाललं असतं. आज हेच सांगायला फोन केला.” थोडे थांबून ती पुढे म्हणाली, “तुम्ही मला विचारलं का नाही?”

अण्णांपाशी उत्तर नव्हते, आमच्यापाशीही नव्हते. दोन आठवडे आम्ही तिच्याविषयी बोलत होतो. तिच्याशी कोणी बोललेच नव्हते. जिच्या निवडीच्या स्वातंत्र्यासाठी एवढा खटाटोप चालला होता, तिची निवड काय आहे हे एकानेही विचारले नव्हते. आणि तिने काय केले होते? चौकशी केली होती, तोटा मोजला होता आणि तो पत्करला होता. विवेकी माणसाने निर्णय कसा करावा याचा तो वस्तुपाठ होता, आणि तो घरातल्या सर्वांत लहान माणसाने दिला होता.

आता तारीख पुन्हा फिरविणे शक्य नव्हते. कार्यालय दुसऱ्या लग्नाला गेले होते. विधी महिनाअखेरीस झाला. पाऊस होता, मंडळी निम्मीच होती, पण नात होती आणि आजोबांना ओवाळणाऱ्यांत तीही होती. ग्वाल्हेरच्या आक्का मात्र आल्या नाहीत. त्यांना घेऊन येणाऱ्या मुलाला दुसऱ्यांदा रजा मिळाली नाही, आणि पंच्याऐंशीव्या वर्षी एकट्याने रात्रीची गाडी धरणे त्यांना शक्य नव्हते. संध्याकाळी नातीने त्यांना फोन लावला आणि म्हणाली, “आक्काआजी, माझ्यामुळे तुमचं येणं राहिलं.” आक्कांचा आवाज आम्हां सर्वांना ऐकू आला: “तुझ्यामुळे नाही गं बाळा. मला कुणी विचारलंच नाही.”

एका दिवसाआड नव्हे, एका महिन्याआड तेच वाक्य, एकीकडून अठराव्या वर्षी आणि दुसरीकडून पंच्याऐंशीव्या. त्या दोन वाक्यांत आमच्या घराची सारी चूक मावली आहे.

तारीख कोणी बदलावी, या प्रश्नाचे आमचे पहिले उत्तर असे होते, की ज्याच्या हाती अधिक सवड आहे त्याने. विद्यापीठाची तारीख त्या मुलीच्या हातची नव्हती, हजार पौर्णिमांचा हिशेब अण्णांच्या हातचा होता. तेव्हा अण्णांनी हलणे योग्यच. हे उत्तर आजही आम्हांस खोटे वाटत नाही. वडीलधाऱ्यांनी आपल्या सोयीला धर्माचे नाव देऊन धाकट्यांच्या आयुष्यातले महत्त्वाचे दिवस अडवावेत, याला आमचा विरोधच आहे. पण ते उत्तर अपुरे आहे. अण्णांची सवड ही एकट्या अण्णांची नव्हती. ती वहिनींच्या कष्टांची होती, आक्कांच्या तिकिटांची होती, त्यांच्या मुलाच्या रजेची होती. घरातला कर्ता पुरुष जेव्हा ‘मी माझे सोडतो’ म्हणतो, तेव्हा तो पुष्कळदा दुसऱ्यांचे सोडीत असतो. त्याग करावयाचाच तर आधी तो कोणाच्या खात्यातून जातो आहे हे पाहणे, हा त्यागाचाच भाग मानला पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट. न विचारता केलेला त्याग ज्याच्यासाठी केला त्याच्यावर ऋण लादतो, आणि त्या ऋणाला करार नसतो. सयाजीरावांच्या करारात दहा वर्षे लिहिलेली होती. ती मोजता येत होती, मान्य अथवा अमान्य करता येत होती. ‘तुझ्यासाठी आम्ही सहस्रचंद्रदर्शन पुढे ढकलले’ या वाक्यात किती वर्षे आहेत? ती मुलगी उद्या अभियांत्रिकी सोडून दुसरे काही करू म्हणाली, मनासारखे लग्न करू म्हणाली, तर त्या वाक्याचे व्याज तिला भरावे लागणार नाही, अशी खात्री कोण देईल? अण्णा असे कधी बोलणार नाहीत. पण असली वाक्ये बोलावी लागत नाहीत. ती घराच्या हवेत असतात. कठोपनिषदाने श्रेय आणि प्रेय असा भेद केला आहे. तिला प्रिय ते मिळावे म्हणून आम्ही झटलो; तिचे श्रेय कशात होते, हे ठरविण्याची संधी मात्र तिच्याकडून काढून घेतली. आजोबांसाठी काहीतरी सोडण्याचे पुण्य तिला हवे होते. ते आम्ही तिला करू दिले नाही.

गंमत अशी, की भाषाशास्त्राच्या ज्या वर्गासाठी पहिल्या तारखेचा एवढा अट्टहास झाला, तो तिला मिळाला आणि सत्राच्या दुसऱ्याच आठवड्यात तिने सोडला. प्रयोगशाळेच्या तासाशी तो जुळत नव्हता. हे ऐकून आम्ही आधी खंतावलो आणि मग हसलो. यावरून तो सारा खटाटोप व्यर्थ ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. निवडीचे मोल निवडलेल्या वस्तूत थोडेच असते. चुकीचे निवडून ते परत ठेवण्याची मुभा हाही निवडीचाच भाग आहे. मात्र जी गोष्ट पंधरा दिवसांत परत ठेवता येते आणि जी कधीच परत मिळत नाही, त्यांचे वजन आधी नीट करून घ्यावे, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

हा धडा आपल्या घरांत आणखी एका जागी लागू पडतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर २०२२ च्या डिसेंबरमध्ये आयोगाने पदवीसाठी जो श्रेयांक-आराखडा दिला, त्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६० श्रेयांक आहेत. मुख्य विषयासोबत इतर शाखांचे विषय आहेत आणि एखाद्या भारतीय भाषेचाही भाग आहे. म्हणजे विषयांच्या यादीपुढे बसण्याची वेळ आता इथल्या नातवंडांवरही आली आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठीचा विभाग आहे, हैदराबादच्या उस्मानियात आहे, गोव्यात आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपल्या मंडळांनी पेढे वाटले. पण विभाग दर्जावर चालत नाही. नोंदणीच्या दिवशी कोणीतरी ‘मराठी’ या शब्दापुढे खूण करावी लागते.

मग आपण नातवंडांना काय सांगावे? ‘मराठी घे, नाहीतर विभाग बंद पडेल’ असे म्हणणे सोपे आहे, आणि आम्हीही ते म्हणत आलो आहोत. आता मात्र ते बोलताना जीभ अडखळते. पिढ्यान्‌पिढ्यांचे ऋण अठरा वर्षांच्या मुलाच्या एका खुणेवर ठेवणे न्याय्य नव्हे. आपण त्याला विषय सांगावा, प्रयोजन सांगावे, त्याच्या घराशी त्या भाषेचा संबंध कोणता हेही सांगावे. अधिकारी आहे की नाही, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. आणि आधी आपली तारीख आपण हलवावी. संध्याकाळची मालिका सोडून त्याच्याबरोबर एक मराठी पुस्तक वाचावे, मंडळाच्या कार्यक्रमाची वेळ त्याच्या परीक्षा पाहून ठरवावी, आणि ठरविण्यापूर्वी त्याला विचारावे. इतके करूनही त्याने दुसरी भाषा घेतली, तर ती त्याची निवड. घेतली मराठी, तर ती आपल्या दडपणाची नसेल, त्याची स्वतःची असेल. आणि तीच टिकेल.

यंदा आक्कांना नव्वदावे वर्ष लागते आहे. ग्वाल्हेरला सर्वांनी जमावे, असा बेत आहे. तारीख अद्याप ठरलेली नाही. अण्णांनी या वेळी गुरुजींना बोलाविण्यापूर्वी आक्कांना फोन केला, मग अमेरिकेत नातीला केला, आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून वहिनींना विचारले, “तुम्हांला कोणता महिना सोयीचा?” वहिनी क्षणभर त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. साठ वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच विचारला गेला होता.